पाचव्या सत्रातला पेपर

आडे सरांच्या घरी पोळीऐवजी भाकरी करायची असेल तर त्याची सूचना आदल्या दिवशी द्यावी लागते. हे मला त्यांच्या पत्नीने, कमलवहिनींनी, स्वतः सांगितलं आणि सांगताना त्या हसल्या नाहीत. "ऐनवेळचा विषय म्हणून घेता येती भाकर," त्या म्हणाल्या, "पण त्याला अध्यक्षांची परवानगी लागती. आन् अध्यक्ष हेच."

आमच्या कळमनुरीच्या कॉलेजात आडे सर इतिहास शिकवायचे. मी त्याच विभागात त्यांच्या हाताखाली रुजू झाले. विभाग म्हणजे एक गोदरेजचं कपाट, दोन टेबलं आणि आडे सर. पहिल्याच आठवड्यात मी वर्गात चांगली रंगले होते. मुलं माना वर करून ऐकत होती, एकाने तर चक्क प्रश्न विचारला. तास संपवून बाहेर आले तर दाराशी सर उभे.

"मणियार मॅडम, शिकवणं झकास. आवाज भी बराबर. पण तुमी आता जे शिकवलं, ते कोणत्या घटकात बसतं?"

मी अभ्यासक्रमाची पुस्तिका उघडली, उलटसुलट चाळली. ते कुठल्याच घटकात बसत नव्हतं.

"मग ते पोरायनी ऐकलंच न्हाई, असं समजायचं," सर म्हणाले आणि चहाला निघून गेले. मला इतका राग आला की त्या दिवशी मी चहा घेतला नाही.

पुढे मला कळलं की हा माणूस सगळ्या जगाशी असाच वागतो. विद्यापीठाने अभ्यासक्रम कसे तयार करावेत आणि कसे बदलावेत, याच्या नियमांची एक पुस्तिका आहे. सहसा ती प्राचार्यांच्या कपाटात पडून असते आणि प्राचार्यांनाही ते माहीत नसतं. आडे सरांची प्रत मात्र स्कूटरच्या डिकीत असे, खाकी कव्हर घातलेली, पाठीला चिकटपट्टी लावलेली. सर विद्यापीठाच्या इतिहास अभ्यास मंडळावर होते. अभ्यासक्रमात एक ओळ घालायची तरी आधी अभ्यास मंडळ, मग विद्याशाखा, मग विद्यापरिषद, असे तीन उंबरे ओलांडावे लागतात. एका पेपरला चार घटक, प्रत्येक घटकाला पंधरा तास, एकूण साठ. हे साठ तास सरांच्या अंगात इतके मुरले होते की गावची जत्राही ते चार घटकांत सांगत. "पहिला घटक झाला, आता कुस्त्या," असं म्हणून मध्ये पाणी पीत.

त्यांच्या तोंडचं ठरलेलं वाक्य होतं, "बराबर हाय, पण कोणत्या कलमाखाली?" भाजीवाल्याने मेथीची जुडी लहान केली, बराबर हाय, पण कोणत्या कलमाखाली? शिपायाने सुट्टी मागितली, बराबर हाय, पण कोणत्या कलमाखाली? शिपाई म्हणाला, "सर, बायको माहेरून येऊन राहिली." यावर सरांनी पुस्तिका काढली नाही, लगेच सही केली. म्हणजे माणूस अगदीच कागदी नव्हता.

त्यांच्या पुतणीच्या लग्नाची गोष्ट आमच्या कॉलेजात अजून सांगितली जाते. सरांचा तांडा, म्हणजे बंजाऱ्यांची वस्ती, डोंगरकडा या गावाच्या बाजूला. तिथे लिंबाखाली सोयरिकीची बैठक बसली. दोन्हीकडची वडीलधारी मंडळी, मध्ये पानाचं तबक आणि एका कोपऱ्यात रजिस्टर घेऊन आडे सर. विषय क्रमांक एक, मुलगी पसंत असल्याबाबत. विषय क्रमांक दोन, जेवण साधं ठेवण्याबाबत. शेवटी त्यांनी सगळ्यांच्या सह्या घेतल्या. लोकांना वाटलं, प्राध्यापक माणूस आहे, हौस असेल. महिन्याभराने मुलाकडून निरोप आला, मोटारसायकलचं बघा म्हणून. सर रजिस्टर घेऊन थेट त्यांच्या ओसरीवर गेले.

"मोटारसायकल विषयपत्रिकेवर नव्हती. मागल्या बैठकीचं कार्यवृत्त कायम झालं. आता दुरुस्ती करायची तर अभ्यासक्रमावानी तीन वर्षांनी, आन् ती भी पुढच्या लग्नाला लागू."

मुलाचा चुलता कधीकाळी सरपंच होता. कार्यवृत्त म्हणजे काय ते त्याला कळत होतं. तो म्हणाला, "सही हाय आपली," आणि विषय संपला. ती पुतणी आजही सासरी दटावून सांगते की माझं लग्न ठरावाने झालंय.

आता मुख्य गोष्टीकडे येते. सर अभ्यास मंडळावर गेले ते एकाच पेपरसाठी. 'स्थानिक इतिहास : वाटा, विहिरी आणि बाजार' असं त्याचं नाव. बैलांच्या पाठीवर धान्य आणि मीठ लादून तांडे ज्या वाटांनी जात, त्या वाटा. जिथे ते उतरत, त्या विहिरी. कळमनुरीचा आठवडी बाजार कसा वसला, औंढ्याच्या नागनाथाला येणारे लोक कुठे मुक्काम करत, हे सगळं बी.ए.च्या मुलांनी शिकावं, असा त्यांचा ध्यास होता. आम्ही मणियार, म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या बांगड्या विकणारे. माझे आजोबा पेटी घेऊन तांड्यावर जायचे, हे कळल्यावर सरांनी मला बढतीच दिली. "मॅडम, तिसऱ्या घटकात तुमी हाव," ते म्हणाले. त्या दिवसापासून मी घरी अब्बांना सांगत सुटले की आपण तिसऱ्या घटकात आहोत. अब्बांनी विचारलं, "पगार बढेगा क्या?"

रविवारी सर स्कूटर काढून विहिरी शोधायला जात. कुठे बुजलेली, कुठे बाभळी माजलेली, कुठे नुसता खड्डा. वहीत नोंद करायची, शेजारच्या शेतातल्या म्हाताऱ्याला नाव विचारायचं आणि परत यायचं. एकदा मीही गेले होते. उन्हात तीन तास हिंडलो आणि मिळालं काय, तर एक दगडी डोण, बैलांना पाणी पाजायची. सर तिच्या कडेवरून हात फिरवत उभे राहिले. मी पाण्याची बाटली पुढे केली तर त्यांचं लक्षच नव्हतं. मला तेव्हा ते थोडं चमत्कारिक वाटलं, खरं सांगायचं तर.

पंधरा-सोळा वर्षं हा पेपर नामंजूर होत राहिला. पहिल्यांदा मंडळ म्हणालं, संदर्भग्रंथ नाहीत. अभ्यासक्रमाला छापील पुस्तकांची यादी लागते. विहिरीवरचा म्हातारा यादीत कसा घालणार? मग सरांनी पाच-सहा वर्षं खपून स्वतःच पुस्तक लिहिलं, छापून घेतलं, त्याला रीतसर क्रमांक मिळवला. आता हरकत कोण घेणार?

हरकत आडे सरांनीच घेतली. बैठकीत विषय आला तसे ते उठून उभे राहिले आणि म्हणाले की सदस्याचं स्वतःचं पुस्तक चर्चेला असेल तर त्या सदस्याने सभागृहात बसू नये, असा नियम आहे. मंडळाचे अध्यक्ष म्हणाले, "अहो आडे, बसा, कोण बघतंय?" सर म्हणाले, "मी बघून राहिलो ना." आणि बाहेर व्हरांड्यात जाऊन बसले. आत विहिरींची माहिती असलेलं दुसरं कुणीच नव्हतं. प्रस्ताव कुणाला धड समजला नाही, म्हणून पुढे ढकलला. सर आत आले, ढकलल्याच्या कार्यवृत्तावर सही केली आणि रात्रीच्या एसटीने परत आले. दुसऱ्या दिवशी मी चिडून विचारलं, तर म्हणाले, "नियम आपल्याला आडवा येतो तवाच तो पाळायचा असतो, मॅडम. एरवी कोणी भी पाळतं." मी त्यांच्याशी दोन दिवस बोलले नाही.

मग नवं शैक्षणिक धोरण आलं. सगळे अभ्यासक्रम मुळापासून नव्याने करायचे ठरले. स्थानिक विषयांना एकाएकी भाव आला आणि पूर्वी जांभया देणारे लोक सरांना फोन करू लागले, तो विहिरींचा पेपर पाठवा म्हणून. हिवाळ्यात तो तिन्ही उंबरे ओलांडून मंजूर झाला. मंजुरीचं पत्र आलं त्या दिवशी सरांनी सगळ्या कॉलेजला पेढे वाटले. कुठल्या कलमाखाली, असं मी विचारलं, तर पेढा माझ्या हातावर ठेवत म्हणाले, "खा की गुमान."

आनंद ओसरल्यावर मी ते पत्र नीट वाचलं आणि मग पुन्हा एकदा वाचलं. नवा अभ्यासक्रम टप्प्याटप्प्याने लागू होतो. येत्या जूनमध्ये पहिलं वर्ष, पुढच्या जूनमध्ये दुसरं, त्याच्या पुढच्या जूनमध्ये तिसरं. सरांचा पेपर तिसऱ्या वर्षाचा, पाचव्या सत्रातला. आणि सर येत्या मे महिन्यात सेवानिवृत्त होत होते. ज्या पेपरसाठी त्यांनी अर्धी नोकरी घालवली, त्याचा एक तासही त्यांना शिकवायला मिळणार नव्हता.

मी पत्र घेऊन त्यांच्या टेबलाशी गेले. त्यांनी वाचलं नाही, चष्मा काढून पुसत बसले.

"मला ठाऊक हाय, मॅडम. अध्यक्ष म्हणलेच होते, आडे, पयल्या वर्षात टाकू का? निदान येत्या जूनात सुरू झालेलं तरी बघसान."

"मग? काहून नाही म्हणालात?" चिडले की माझ्याही तोंडून काहून निघतो.

"पयल्या वर्षाच्या लेकरायला कागद कसा वाचायचा तेच उमगत न्हाई. म्हाताऱ्या माणसाला काय इचारायचं, कसं इचारायचं, त्याला दोन वर्षं शिकावं लागतं. तिसऱ्याच वर्षी पायजे तो पेपर. माझ्या सोयीनं लेकरायचं नुकसान काहून करू?"

निरोप समारंभात प्राचार्य म्हणाले, आडे सर, पेपर सुरू झाला की पाहुणे म्हणून व्याख्यानाला या. सरांनी मान हलवली. नंतर कँटीनमध्ये मला म्हणाले, "पाहुणा एक तास येतो, च्या पितो, शाल घेऊन जातो. मला साठ तास पायजेत." मी म्हटलं, तासिका तत्त्वावर या. त्यावर ते पहिल्यांदाच माझ्यावर खेकसले. नेट-सेट झालेली पोरं दारात उभी आहेत, त्या जागेवर त्यांचा हक्क आहे, मी तिथे बसलो तर मला लाज वाटली पाहिजे, असं बरंच काही बोलले.

जूनमध्ये प्रवेश सुरू झाले. मी प्रवेश समितीवर होते. कारकून एक अर्ज घेऊन माझ्याकडे आला. त्याचा चेहरा हसावं की रडावं असा झाला होता.

"मॅडम, हा फॉर्म बघता का जरा? नाव आपल्या आडे सरायचं हाय. फोटो भी त्यायचाच."

बी.ए. प्रथम वर्ष, मुख्य विषय इतिहास. मी कपाळाला हात लावला. पण कलमाने अर्ज अडवता येत नव्हता. सर मुळात बी.एस्सी. झालेले, बेडूक कापवला नाही म्हणून नंतर इतिहासाकडे वळलेले. एम.ए. बाहेरून केलेलं. म्हणजे बी.ए. त्यांनी कधी केलेलंच नव्हतं, आणि वयाची अट पुस्तिकेत कुठेच नव्हती. त्यांचा हिशेब सरळ होता. नवा अभ्यासक्रम ज्या वर्षी पहिल्या पायरीवर चढणार, त्याच वर्षी आपणही चढायचं. दोघं मिळून तिसऱ्या वर्षी पाचव्या सत्रात पोचायचं.

मी कमलवहिनींकडे गेले. म्हटलं, तुम्ही काही बोलला नाहीत? त्या लसूण सोलत होत्या. "बोलले की. म्हणलं, लोकं हसतील. तर म्हणले, हसू दे, हसण्यावर बंदीचं कलम न्हाई. डबा दिऊन राहिले मी आता त्यायला. लेकरू शाळंत घातल्यावानी झालंय." सोललेल्या पाकळ्या वाटीत टाकत त्या म्हणाल्या, "घरी बसून नुसते भिताडाकडं बघत राहायचे, त्यापेक्षा हे बरं."

पहिली दोन वर्षं कशी गेली, त्यावर वेगळंच लिहायला पाहिजे. आडनाव 'आ'वरून, त्यामुळे रोल नंबर एक. मुलं त्यांना सर म्हणायची, तर ते म्हणायचे, "सर तिकडं, फळ्यापाशी. मी रोल नंबर एक." ओळखपत्र गळ्यात घालून पहिल्या बाकावर बसत. पंच्याहत्तर टक्के हजेरीचा नियम असताना त्यांची शंभर भरे. माझ्या तासाला ते असले की मला घाम फुटायचा. एकदा मी घटकाबाहेर गेले आणि भीत भीत पहिल्या बाकाकडे पाहिलं, तर ते खाली मान घालून लिहून घेत होते. तास संपल्यावर काही बोललेही नाहीत.

आणि मग तो जून आला. पाचवं सत्र, त्यांचा पेपर, वर्गात चौदा मुलं आणि आडे सर. शिकवायला मी. पहिल्या दिवशी मी खडू त्यांच्यापुढे धरला. ते बाकावरून हलले नाहीत.

"पात्रता न्हाई, मॅडम. सध्या मी विद्यार्थी हाव. तुमी शिकवा."

मी शिकवलं. त्यांच्याच पुस्तकातून, त्यांच्याच वह्यांतून, त्यांच्यादेखत. माझ्या आयुष्यात इतकी तयारी मी कधी केली नव्हती. सर वहीत लिहीत राहिले, जणू ते सगळं पहिल्यांदाच ऐकत होते.

या पेपरला अंतर्गत गुणांसाठी प्रत्येक विद्यार्थ्याने वीस मिनिटं बोलायचं असतं, आपल्या गावच्या वाटेवर. हा नियमही सरांनीच घातलेला. रोल नंबरप्रमाणे पहिली पाळी त्यांची आली. मी मागच्या बाकावर जाऊन बसले आणि ते फळ्यापाशी गेले. दोन वर्षांनी फळ्यापाशी उभं राहिल्यावर माणसाला काहीतरी वाटत असणार. त्यांनी आधी फळा पुसला, तो पुसलेलाच होता तरी.

सुरुवात त्यांनी पुस्तकी भाषेत केली. सदर वाट, उपलब्ध साधने, वगैरे. मग विहिरी आल्या आणि हळूहळू बोलणं घरचं झालं. औंढ्याकडून निघालं की पहिला उतारा जोडविहिरीवर. तिथे पाणी गोड, पण बैलांना माशी त्रास देते. मग खारी विहीर. तिथे थांबायचं नाही, नुसते पाय धुवायचे. मग लिंबाची. तिथे एक म्हातारी वारली होती, म्हणून तिच्या नावाने मूठभर मीठ ठेवायचं. एकेक विहीर सांगत ते डोंगरकड्याच्या अलीकडे आले आणि थांबले. मला वाटलं, पाणी हवं असेल.

"हितून पुढची वाट मला ठाऊक न्हाई," ते म्हणाले. "पुस्तकात भी न्हाई. पुस्तक हितंच थांबतं, तुमच्या ध्यानात आलं असंल. माझ्या बाला सगळी वाट पाठ होती, पार गोदावरीपस्तोर. त्याला त्याच्या आज्यानं सांगितलेली. मी नवा नवा नोकरीला लागलो तवा बा हितं कळमनुरीला आला. माझ्या खोलीवर बसला आन् म्हणला, तू पोरायला जुनं शिकवतो म्हणे, मग मी सांगतो ते लिहून घे. आन् वाट सांगू लागला. मी दुसऱ्या दिवशीच्या तासाची तयारी करून राहिलो होतो. डोंगरकड्यापस्तोर आला तवा मी म्हणलं, बा, हे अभ्यासक्रमात न्हाई."

त्यांनी पहिल्या बाकाच्या कडेवर हात टेकला.

"बा म्हणला, असं व्हय. आन् उठून एसटीनं गेला. परत कवा त्यानं सांगितलं न्हाई. मी नंतर लई येळा इचारलं, तर म्हणायचा, इसरलो. चार वर्षांत तो गेला. इसरला नव्हता तो." सर फळ्याकडे वळले आणि कोरा फळा त्यांनी पुन्हा एकदा पुसला. मग आपल्या बाकावर जाऊन बसले.

मला गुण द्यायचे होते. कागद समोर होता, पण आकडा लिहवेना. इतकी वर्षं मी या माणसाला हसत आले, चिडत आले, आणि त्यांना नेमकं काय हवं होतं हे मला कधी कळलं नव्हतं. मी उठले. मुलांना म्हटलं, तुमच्यापैकी बरेच जण त्या बाजूचे आहात. घरी जा, जे कोणी म्हातारं असेल त्याला विचारा, डोंगरकड्याच्या पुढे वाट कुठे जायची. उद्याच्या तासाला सांगा.

दुसऱ्या दिवशी नऊ मुलं काही ना काही घेऊन आली. कुणाजवळ एका झाडाचं नाव, कुणाजवळ नुसतं एका उताऱ्याचं. शेवटी दुसऱ्या एका तांड्यावरची सुनीता राठोड उभी राहिली. ही पोरगी दोन वर्षांत तोंड उघडून बोलली नव्हती. म्हणाली, आमच्या आज्याला नव्वदी लागली, त्याला ऐकू येत नाही, पण त्याने सांगितलं. डोंगरकड्याच्या पुढे वाट ओढ्याच्या अंगाने उतरते, मग सासूची विहीर लागते, मग सुनेची. तिने भराभर सांगून टाकलं आणि बसू लागली.

पहिल्या बाकावर आडे सर वळून बसले होते. वही मांडीवर, पेन हातात, डोळे भरून आलेले आणि ते पुसायचंही त्यांना सुचलं नव्हतं.

"परत सांग, माय," ते म्हणाले. "सावकाश सांग. मी ऐकून राहिलो."